पांढरा चालतो का?
जलरंग आणि ग्वाशमधल्या निसर्गचित्राचा एक आढावा

जलरंगाच्या प्रात्यक्षिकाला माणसं जमली की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: "सर, पांढरा चालतो का?" उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं. खऱ्या जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरा म्हणजे कागद, तो राखायचा असतो. विचारणारा वरमतो आणि घरी जाऊन पेटीतली पांढरी ट्यूब कोपऱ्यात सारतो. आपल्याकडे निसर्गचित्रं करणाऱ्या कितीतरी जणांची तालीम या एका नियमावर झाली. नियमात तथ्य आहे आणि त्याच्या जोरावर उत्तम चित्रंही झाली. पण हाच जलरंगाचा एकमेव मार्ग, ही समजूत इतिहासाला धरून नाही, आणि आपल्या हवेला व उजेडाला तर मुळीच धरून नाही. ग्वाशला, म्हणजे अपारदर्शक जलरंगाला, आपण विद्यार्थ्यांचा रंग म्हणून दुय्यम ठरवलं आणि त्यात आपल्याच निसर्गचित्राचं नुकसान करून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साहित्य पाहू. दोन्ही रंगांचा बांधक एकच: बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. त्यात घोटलेलं रंगद्रव्य आणि रंग ओलसर राहावा म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा मध. पारदर्शक जलरंगात रंगाचे कण पाण्याबरोबर पातळ पसरतात. उजेड त्या थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि रंगातून पुन्हा बाहेर येतो, म्हणून हे चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. ग्वाशमध्ये रंगद्रव्याचं प्रमाण जास्त असतं, काही वेळा खडूसारखं अपारदर्शक द्रव्यही मिसळलेलं असतं. तिथे उजेड वरच्या थरावरूनच परततो. रंग मॅट, दाट दिसतो आणि गडदावर फिका चढवता येतो. शाळेत वापरतो तो पोस्टर कलर हा याचाच स्वस्त प्रकार.

वाळताना दोन्ही रंग डोळ्याला चकवतात. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा तो थोडा जास्तच गडद लावायला हात शिकतो. ग्वाशची तऱ्हा याहून अवघड आहे. त्यातल्या गडद छटा वाळल्यावर उजळतात आणि फिक्या छटा थोड्या काळवंडतात. दोन्ही टोकं मध्याकडे सरकली की चित्र सपाट होतं. शिवाय वाळलेला थर ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतो, त्यामुळे वरचा रंग दाट घ्यावा लागतो आणि एकदा फटकारा मारला की त्याच जागी ब्रश फिरवत बसायचं नसतं. ग्वाश सोपा आहे, त्यात चूक झाकता येते, असं म्हणणाऱ्याने तो मनापासून हाताळलेला नसतो.

आता इतिहास. संग्रहालयात मुघल, दख्खनी किंवा पहाडी लघुचित्राखालची पाटी वाचली तर माध्यम म्हणून 'कागदावर अपारदर्शक जलरंग' असंच लिहिलेलं दिसतं. थरावर थर चिकटवून केलेला वसली कागद, डिंकात घोटलेले खनिज आणि वनस्पतिज रंग, आणि शेवटी अकीकाने दिलेली घोटाई, ही ती पद्धत. कांगडा आणि गुलेरच्या चित्रांतले काळेभोर ढग, त्यांच्यापुढून उडणारी बगळ्यांची रांग, विजेची सोनेरी रेघ हे सगळं गडदावर फिका रंग चढवूनच झालेलं आहे. म्हणजे पावसाळा रंगवण्याचा आपला सर्वांत जुना आणि सर्वांत समृद्ध अनुभव अपारदर्शक जलरंगातला आहे. जलरंगाचा इतिहास इंग्लंडपासून सुरू करणारी पुस्तकं हे सांगत नाहीत.

युरोपातही चित्र वेगळं नव्हतं. ड्यूररने १४९०च्या दशकात आल्प्स ओलांडताना केलेली निसर्गचित्रं जलरंगात आहेत आणि त्याने ग्वाशही मोकळेपणाने वापरला. इंग्रजी जलरंगाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या पॉल सँडबीने दोन्ही पद्धतींत काम केलं. टर्नर तर पारदर्शक वॉशचा बादशहा. त्यानेही फ्रान्समधल्या नद्यांच्या चित्रांसाठी निळा कागद घेतला आणि त्यावर अपारदर्शक रंगाने उजेड काढला.

मग पांढऱ्यावर बंदी आली कुठून? याचं एक कारण रसायनात आहे. जुना पांढरा म्हणजे शिशाचा, सफेदा. तेलात तो टिकतो, कारण तेलाचं कवच त्याला मिळतं. डिंकात मात्र तो उघडा पडतो आणि हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळा होतो. ज्या ठिकाणी चित्रकाराने उजेड दाखवला तिथेच काही वर्षांनी डाग दिसणार असेल, तर कागदाचा पांढरा राखणं हा शहाणपणाच होता. १८३४ साली विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या रंगकंपनीने जस्ताचा पांढरा 'चायनीज व्हाइट' नावाने बाजारात आणला. तो काळा पडत नव्हता. बंदीचं एक सबळ कारण तिथेच संपलं. नियम मात्र उरला, आणि पुढे त्याला शुद्धतेचं वलय आलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये यावर हिरिरीने वाद झाले. जॉन रस्किनने १८५७ साली नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात उलट सल्ला दिला: रंग फिका करायला भरमसाट पाणी घालू नका, पांढरा मिसळा. पुढे सार्जंटने व्हेनिसच्या जलरंगांत उन्हाचे कवडसे जाड पांढऱ्याने खुशाल ठेवले. आज ती चित्रं जलरंगाचे आदर्श म्हणून दाखवली जातात.

महाराष्ट्रात भारतीय आणि युरोपीय या दोन परंपरांची गाठ फार लवकर पडली होती, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पदरी गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार होता. १७९०मध्ये त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा रंगवला. वेरूळची लेणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्याने चितारली. त्याच सुमारास पुण्यात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सही वेरूळची रेखाटनं करत होता. वेल्स १७९५मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळचा चित्रसंग्रह काढला. तांबटाची चित्रं मात्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जागेवर बसून मराठी मुलूख कागदावर उतरवणाऱ्या ज्या चित्रकारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत त्यांत तांबट अगदी आरंभी येतो. आपल्या कलाशाळांत त्याचं नाव पहिल्या वर्षी शिकवलं जायला हवं.

१८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि इंग्रजी शिक्षणक्रमाबरोबर इंग्रजी जलरंग आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे प्राचार्य असलेले सेसिल बर्न्स स्वतः जलरंगाचे चित्रकार होते. त्या काळात आणि त्यानंतर मुंबईकडे जी पारदर्शक जलरंगाची परंपरा घडली ती भारतात अपूर्व म्हणावी अशी आहे. एम. के. परांडेकरांची निसर्गचित्रं, एल. एन. तासकरांचे घाट आणि देवळं, धुरंधरांची हुकमी रेषा, आणि या सगळ्यांत सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८). म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली त्यांची दिवा घेतलेली तरुणी लोक तैलचित्र समजून बघतात, कित्येक जण तर ती रविवर्म्याची मानतात. ते चित्र जलरंगातलं आहे. निसर्गचित्रांतही हळदणकर वॉशमधला ओलावा असा सांभाळतात की सकाळचं धुकं कागदाच्या आत आहे असं वाटावं. पांढरा राखण्याच्या नियमाने काय साधतं ते बघायचं तर या माणसाकडे जावं.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचं प्रकरण निराळं. जे. जे.त शिकून ते परत गेले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून रंकाळा, पंचगंगा, संध्यामठ हेच विषय वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. माध्यमाबद्दल त्यांना सोवळं नव्हतं. त्यांचं लक्ष प्रहरावर होतं, उजेड कोणत्या घटकेचा आहे यावर. महाराष्ट्रातल्या निसर्गचित्रकारांत मला ते सर्वांत मोठे वाटतात आणि त्यांच्या चित्रांची चांगली छापील प्रतिकृतीसुद्धा सहज मिळत नाही याचं वाईट वाटतं.

मुंबई-कोल्हापूरबाहेर इंदूरला एक मराठी शाखा फुटली. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली तिथे चित्रशाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी, आणि थोड्या काळासाठी एम. एफ. हुसेन त्यांच्याकडे शिकले. मुलांना उन्हात बाहेर काढून निसर्गचित्रं करायला लावणं हा तिथल्या शिकवणीचा कणा होता. बेंद्र्यांनी तैलरंगाइतक्याच सहजतेने ग्वाशमध्येही निसर्गचित्रं केली. तोवर इकडे मुंबईत नागपूरच्या आणि जे. जे.च्या कलाशाळांतून घडलेले तरुण सय्यद हैदर रझा शहराचे रस्ते, पाऊस, छपरं जलरंग आणि ग्वाशमध्ये रंगवत होते. ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांचं त्यांना प्रोत्साहन होतं. बिंदूमुळे जगाला माहीत झालेला रझा त्याआधी एक असामान्य निसर्गचित्रकार होता, आणि त्याच्या त्या चित्रांतला ओल्या रस्त्यावरचा झगमगाट अपारदर्शक रंगाशिवाय शक्य नव्हता. बंगालमध्ये याच काळात दोन वेगळे प्रवाह होते: अवनींद्रनाथांचा जपानी धर्तीचा वॉश, ज्यात रंगवलेला कागद पाण्यात बुडवून काढत, आणि शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचे धसमुसळे, जोरकस जलरंग. आपल्या कलाशाळांनी दोन्हींकडे फारसं पाहिलं नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा आढावा घेतला तो: आपली हवा. पारदर्शक पद्धत इंग्लंडच्या गार, दमट हवेत मुरली. तिथे वॉश सावकाश वाळतो आणि रंग एकमेकांत शिरायला वेळ मिळतो. एप्रिलात वाईच्या किंवा मेणवलीच्या घाटावर बोर्ड मांडून बसा. वरच्या कडेला सुरू केलेलं आकाश क्षितिजापर्यंत पोचण्याआधी मध्येच कडा धरतं. यावर उपाय आहेत. कागद मागच्या बाजूनेही भिजवावा, पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकावा, सावलीची जागा धरावी, नऊच्या आत काम उरकावं. याउलट जुलैत कोकणात कागद वाळायचं नावच घेत नाही. दुसरा थर पहिल्यात विरघळतो आणि कडा धरायला काही शिल्लक राहत नाही. धुकं, ढग, ओली जमीन यांना ही स्थिती वरदान आहे. पण त्या धुक्यासमोर उभा असलेला माड, जांभ्या दगडाचा गडगा, इरलं घेतलेली बाई यांना ठाम कडा लागते. दाट ग्वाशला पाणी कमी लागतं आणि तो ठेवला तिथे राहतो.

हवेपेक्षा मोठा प्रश्न उजेडाचा. आपल्या मुलखात उजळ वस्तू गडद पार्श्वभूमीवर, आणि तीही बारीक, अशी रचना पावलोपावली भेटते. काळ्या कातळावरून उतरणारे धबधब्याचे धागे. ओल्या काळपट डोंगरापुढे पोपटी भाताची रोपं. चिखलणीच्या मागे फिरणारे बगळे. फाल्गुनात काळ्या फांद्यांवर पेटलेला पळस. पारदर्शक पद्धतीत हे सारं आधी हेरून, मास्किंग फ्लुइडने झाकून किंवा नंतर ब्लेडने खरवडून काढावं लागतं. झाकलेला भाग उघडला की त्याच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात आणि चित्र तिथेच ताठरतं. लेमन यलोत थोडा पांढरा कालवून ओल्या डोंगरावर ठेवलेला एक फटकारा त्याहून कितीतरी खरा दिसतो, कारण भात डोंगराच्या पुढेच उभं असतं.

दूरच्या डोंगरांचीही गोष्ट अशीच. लांबचं निळं होतं, असं पुस्तकं सांगतात. पहिला पाऊस होऊन हवा धुतली गेली की सह्याद्री खरोखरच निळा दिसतो, आणि इतका स्वच्छ दिसतो की जवळ आल्यासारखा वाटतो. पण मे महिन्यात देशावर लांबचं राखेसारखं होतं, त्यात धुळीचा पिवळट अंश असतो. निळ्याचा साधा वॉश तिथे खोटा पडतो. हवेतला धुरकटपणा म्हणजे उजेड विखुरणारे सूक्ष्म कण, आणि पातळ केलेला पांढरा रंगही तेच करतो. गडद वाळलेल्या रंगावरून दुधाळ पांढरा हलक्या ब्रशने फिरवला तर तो आपोआप निळसर दिसतो, निळा न घालताच. डोंगर लांबून निळा दिसण्यामागेही हाच प्रकार आहे. त्या पांढऱ्यात यलो ओकरचा अंश घातला की देशावरचा उन्हाळा कागदावर येतो. निसर्ग जे ज्या रीतीने करतो तेच त्याच रीतीने करू देणारं साधन हातात असताना ते अशुद्ध म्हणून टाकायचं, हे मला पटत नाही.

पारदर्शक रंगाचं राज्य कुठे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. सावली पारदर्शकच हवी. सावलीत पांढरा शिरला की ती खडूळ होते, तिच्यातली खोली मरते. ग्वाशच्या वाईट चित्रांपैकी बहुतेक इथेच बिघडलेली असतात. आकाश, संथ पाणी, पहाटेचा उजेड यांना कागदाच्या पांढऱ्याची सर कशालाच नाही. म्हणून जागेवर काम करणाऱ्याला मी एकच क्रम सुचवीन: आकाश, अंतर आणि सावल्या पातळ जलरंगात, आणि उन्हाचे निवडक ठिपके शेवटी ग्वाशमध्ये. ते ठिपके जितके कमी तितकं चित्र बरं. आणि माध्यम कोणतंही असो, आधी पेन्सिलीने तळहाताएवढं टोनचं रेखाटन करावं. सूर्य थांबत नाही. दोन तासांत सावल्या जागा सोडतात, मग कागदावर दोन वेगळे प्रहर एकत्र येतात आणि कितीही सुंदर वॉश ते झाकू शकत नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. रंग उडतात, हे १८८८ साली रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं. आता चांगल्या कंपन्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण छापतात, ती बघूनच रंग घ्यावेत. पोस्टर कलरमधले झगझगीत गुलाबी आणि जांभळे विशेष लवकर उडतात. कागद कापसाचा, तीनशे ग्रॅमचा परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर ग्वाश बऱ्यापैकी जाड कुठल्याही कागदावर चालतो, आणि विद्यार्थ्याच्या खिशाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. तयार चित्र काचेमागे हवं आणि किनारपट्टीवर बुरशीपासून जपायला हवं.

आज जलरंगाला महाराष्ट्रात पुन्हा बहर आहे. मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांनी आणि प्रात्यक्षिकांनी हजारो हौशी माणसांच्या हातात ब्रश दिला. २००७च्या सुमारास जगभर सुरू झालेल्या अर्बन स्केचर्स चळवळीचे गट मुंबई-पुण्यात रविवारी सकाळी वाड्यांसमोर आणि स्टेशनांबाहेर बसलेले दिसतात. हे सगळं आनंदाचं आहे. काळजी एकसुरीपणाची वाटते. तीच ओली गल्ली, तीच सायकल, तोच शिंपडलेला रंग अशी चित्रं प्रदर्शनांत ओळीने दिसतात. कौशल्य वाढलंय, पण जागेकडे पाहणं कमी झालंय. अनेक जण फोटोवरून रंगवतात, आणि फोटो सावलीला काळी करून टाकतो.

इकडे आपल्याच शाळांत एक संधी वाया जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी लाखो मुलं स्मरणचित्र पोस्टर कलरमध्ये करतात. गडदावर फिका कसा चढतो, सपाट रंग कसा भरावा हे त्यांना हाताने ठाऊक असतं. परीक्षा संपली की ते रंग माळ्यावर जातात, आणि निसर्गचित्र म्हटलं की मुलांना एकदम पारदर्शक वॉशच्या कठीण पाटीवर बसवलं जातं. पोस्टर कलरने काय होतं ते पाहायचं असेल तर जपानकडे पाहा. 'माय नेबर टोटोरो' या १९८८च्या चित्रपटातली झाडं, भातखाचरं आणि पाऊस काझुओ ओगा यांच्या कलादिग्दर्शनाखाली पोस्टर कलरनेच रंगवले गेले. तो पाऊस रत्नागिरीच्या पोराला आपल्या अंगणातला वाटेल.

म्हणून तीन विनंत्या. संग्रहालयांनी आपल्या गोदामातले कागदावरचे निसर्गचित्रसंग्रह बाहेर काढावेत. जलरंगाला मंद, पन्नास लक्सपर्यंतचा उजेड लागतो आणि चित्रं फार काळ टांगता येत नाहीत हे खरं, पण पाळीपाळीने, थोडी थोडी दाखवता येतात. आबालाल आणि हळदणकर मुळातून पाहिल्याशिवाय नव्या मुलांना मोजमाप कळणार नाही. स्पर्धा घेणाऱ्यांनी जलरंगाच्या विभागात ग्वाशला खुलेपणाने प्रवेश द्यावा. केवळ पारदर्शक रंगांची स्पर्धा हवी असेल तर ती वेगळी ठेवावी. आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी आषाढात एक तास वर्गाबाहेर, शाळेच्याच व्हरांड्यात घ्यावा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर, लेमन यलो आणि पांढरा एवढे पाच पोस्टर कलर, एक चपटा ब्रश, एक गोल ब्रश आणि समोरचा डोंगर, एवढं पुरेल.